माहीमचा कॉजवे आणि पूर्तधर्म

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. त्याच्या उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी बेटावरचे वांद्रे. हे छोटे अंतर पूर्वी होडीनेच पार करावे लागे आणि पावसाळ्यात ते जिवावर बेतू शके. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला आणि ही दोन टोके रस्त्याने जोडली गेली. त्यासाठी पारशी व्यापारी जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये, ही त्या देणगीची अट होती. माहीममधल्या एल. जे. (लेडी जमशेटजी) रोडला त्यांचेच नाव आहे.

या दानातून एक जुना प्रश्न पुढे येतो: रस्ता बांधणे हे धर्मकृत्य आहे का? रस्त्यावर पूजा होत नाही, मंत्र म्हटला जात नाही, त्यावरून जाणाऱ्याला दात्याचे स्मरणही नसते.

धर्मशास्त्राने सत्कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, बाग, देऊळ, अन्नदान हे पूर्त. वैदिक यज्ञाचा अधिकार शास्त्रकारांनी शूद्रांना नाकारला, पूर्ताचा मात्र दिला. त्यामुळे पूर्त हा धर्माचा अधिक मोकळा भाग ठरला. अहिल्याबाई होळकरांचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा याच परंपरेतल्या. इस्लाममध्ये दात्याच्या मृत्यूनंतरही चालू राहणाऱ्या दानाला मोठे स्थान आहे. वाटेतला अडथळा दूर करणे हाही तिथे श्रद्धेचाच भाग मानला जातो. जरथुश्त्री धर्मात सद्विचार आणि सद्वचन यांची पूर्तता सत्कृतीत होते. या तिन्ही परंपरांच्या दृष्टीने माहीमचा रस्ता धर्मकृत्यच ठरतो.

त्याची कसोटी माहीममध्येच पाहायला मिळते. पंधराव्या शतकातले सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर उरुसाला गर्दी होते. सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही येतात. शीतलादेवीचे देऊळही जवळच आहे. या सगळ्यांना एकच रस्ता पुरतो. देवळाला, दर्ग्याला, चर्चला आपापला भक्तसमुदाय असतो. रस्ता मात्र कोणाचा धर्म विचारत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जमशेटजींची संपत्ती चीनबरोबरच्या व्यापारातून आली, आणि त्यात कापसाबरोबर अफूही होती. कॉजवेसाठी पैसा दिला गेला तो काळ पहिल्या अफूयुद्धाला लागूनच होता. अन्यायाने मिळवलेल्या धनाचे दान फळत नाही, अशी भूमिका धर्मचिंतनात वारंवार घेतली गेली आहे. दान मोठे म्हणून हा दोष पुसला जात नाही. पण त्या दोषामुळे रस्त्याचा उपयोगही नाहीसा होत नाही. दात्याला पुण्य लाभले का आणि समाजाचे भले झाले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर संपत्तीच्या उगमात शोधावे लागते, दुसऱ्याचे रस्त्याच्या वापरात.

पुढे दळणवळण वाढत गेले. १८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत लोकल धावू लागली. आज माहीम स्थानकावर पश्चिम आणि हार्बर असे दोन्ही मार्ग मिळतात. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२५ मध्ये मेट्रो ३ चे शीतलादेवी मंदिर स्थानक सुरू झाले. लोकलला आणि मेट्रोला तिकीट लागते, सेतूवर टोल. त्यात अधर्म नाही. मोठ्या कामांचा खर्च कुठून तरी भरून निघावाच लागतो. पण तो मोबदल्याचा व्यवहार आहे, आणि सेतूचा मार्ग तर वाहनवाल्यांसाठीच आहे. पूर्तात मोबदला नसतो. ज्याच्यापाशी द्यायला काहीच नाही, त्यालाही वाट खुली असणे हे पूर्ताचे लक्षण आहे. आवाबाईंच्या देणगीत रकमेइतकेच महत्त्व टोल न घेण्याच्या अटीला आहे, कारण त्या अटीमुळेच हा रस्ता अनवाणी चालणाऱ्याचाही झाला.