कपोताचं जाळं

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७

यदुराजाला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र आणि सूर्य. एवढे मोठमोठे सात झाले की आठवा येतो कपोत, म्हणजे साधं कबुतर.

कपोत आणि कपोती झाडावर घरटं करून सुखात राहत असतात. पिल्लं होतात. एकदा दोघं चारा आणायला गेलेली असताना पारधी पिल्लांना जाळ्यात पकडतो. ते बघून कपोती आक्रोश करत धावते आणि अडकते. कपोत विलाप करतो, मग तोही त्याच जाळ्यात पडतो. पारधी सगळ्यांना घेऊन घरी जातो.

मंडळी, ही कथा पूर्वी कितीदा वाचली, कीर्तनातही ऐकली. पण यंदा, २०२० च्या या मे महिन्यात, ती वाचताना आवंढा येतो. आमची मुलगी मुंबईत नर्स आहे, कोरोनाच्या वॉर्डात. आम्ही दोघं पेन्शनर, मार्चपासून घरात. देऊळ बंद, बागेतला कट्टा बंद. गॅलरीतली खुर्ची, पोथी आणि जुनी दुर्बीण एवढंच जग. रस्त्यावर गाड्या नाहीत, त्यामुळे तांबटाची टुकटुक दुपारभर ऐकू येते. पहाटे दयाळ गातो, कोकिळ तर थांबतच नाही.

आणि याच गॅलरीत, मोकळ्या कुंडीत, कपोताच्याच कुळातल्या होल्यानं घरटं केलं. घरटं कसलं, चार काड्या! दोन अंडी. नर-मादी पाळीपाळीनं बसायची. पिल्लं निघाल्यावर दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं अन्न त्यांना भरवायची. खाली मांजर, वर कावळे. पंधराएक दिवसांनी एक पिल्लू कठड्यावर आलं. समोरच्या तारेवर आई की बाप कोण जाणे, नुसतं बसून होतं. पिल्लू डगमगलं आणि उडालं. दुसऱ्या दिवशी दुसरं गेलं.

आता मला सांगा, अवधूत कपोताला दोष कशाचा देतो? घरटं बांधल्याचा? पिल्लांना भरवल्याचा? नाही. तिथला शब्द नीट बघा. तो स्नेह नाही, ‘अतिस्नेह’ आहे. कपोतानं उडी घेतली म्हणून एक तरी पिल्लू सुटलं का? पिल्लं तर गेलीच, वर आईबापही गेले. ज्यानं कुणाचंच भलं होत नाही अशी ती उडी. आपण तिलाच माया समजतो.

रात्री दहाला मुलीचा फोन येतो. तिचा आवाज दमलेला असतो. सौ. परवा फोन ठेवल्यावर म्हणाली, “अहो, तिला म्हणा ना, नोकरी सोड आणि ये.” आईचं काळीज आहे, ते असंच बोलणार. पण जी पोर दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना श्वास मिळावा म्हणून उभी असते, तिच्या खांद्यावर रात्री आपल्या भीतीचं ओझं ठेवायचं? म्हणून आम्ही ठरवलंय, फोनवर तिला होल्याच्या गोष्टी सांगायच्या. ती हसते. मग फोन ठेवून आम्ही हरिपाठ म्हणतो. काळजी जाते का? नाही जात. पण ती तिच्यापर्यंत न पोचता पांडुरंगापाशी पोचते.

आज एवढंच करून बघू या. मनात काळजी आली की तिला विचारायचं, बाई, तू दाणा आहेस की जाळं? एकट्या मित्राला फोन करणं, कामाला येऊ न शकणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर देणं, पाखरांसाठी पाणी ठेवणं, हा दाणा. तो चोचीपर्यंत पोचवायचाच. दिवसभर टीव्हीवरचे आकडे मोजत बसणं, हे जाळं. तिथून उठायचं.

नरदेह हे मोक्षाचं उघडं दार आहे, असं अवधूत या कथेच्या शेवटी सांगतो. घराचं दार सध्या बंद असलं तरी ते दार कुणी बंद केलेलं नाही.

पांडुरंगा, आमच्या लेकरांना सांभाळ. आणि त्यांना उडू देण्याचं बळ आम्हाला दे.

राम कृष्ण हरी!