घड्याळ थांबलेले असताना

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक आरंभाची रेषा येते आणि एक शेवटची. या दोन रेषांमधला प्रत्येक क्षण मोजलेला असतो, आणि जो कमीत कमी क्षण खर्च करील तो विजयी, असा सरळ हिशेब असतो. परंतु डोंगरी सायकलींच्या शर्यतींत एक प्रकार असा आहे की, ज्याने हा हिशेब मोठ्या विलक्षण रीतीने मोडला आहे. त्यास ‘एंड्युरो’ म्हणतात. हे नाव मोटारसायकलींच्या शर्यतींवरून आलेले असून तिची रचना पुष्कळशी मोटारींच्या रॅलीसारखी आहे. उतरणीवरचे काही ठराविक टप्पे तेवढे घड्याळाने मोजावयाचे. एका उतरणीच्या पायथ्यापासून पुढच्या उतरणीच्या माथ्यापर्यंतची चढण मोजावयाची नाही. कोठे कोठे माथ्यावर अमुक वेळेच्या आत पोचले पाहिजे असे बंधन असते. पण त्या वेळेच्या आत कोण आधी पोचला आणि कोण मागाहून, याला शर्यतीच्या निकालात स्थान नाही. सर्व टप्प्यांच्या वेळा मिळवतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत लहान तो पहिला.

ही शर्यत एका दिवसाची असते तशीच अनेक दिवसांचीही असते. २००९ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ‘ट्रान्स-प्रोव्हान्स’ ही या दुसऱ्या प्रकारातील एक नावाजलेली शर्यत. आल्प्सच्या डोंगरांतून निघून सहा दिवसांनी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर उतरावयाचे, असा तिचा क्रम होता. वाटेत राखी-काळ्या मातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, खेचरांच्या जुन्या वाटा, कड्यावर चिकटून बसलेली दगडी गावे. तिचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, उतरणीच्या वाटा स्पर्धकांना आगाऊ पाहावयास मिळत नसत. पुढच्या वळणाआड काय आहे ते वळण घेतल्यावरच कळावयाचे. रात्री तंबूत निजावयाचे आणि सकाळी पुन्हा सायकलीवर बसावयाचे.

आता या व्यवस्थेत माणसाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. सबंध दिवस सायकलीवर जातो आणि मोजलेला वेळ त्यात फार तर तासाभराचा असतो. उरलेले सारे तास स्पर्धक एकमेकांच्या सोबतीने चढत असतात. चढण फारच उभी झाली तर सायकल खांद्यावर घेऊन चालत असतात. एकाची साखळी तुटली की दुसरा आपल्याजवळची जोडकडी काढून देतो. कोणाची ट्यूब, कोणाचे पाणी, कोणाची भाकरी. माथ्यावर पोचल्यावर हेच लोक गुडघ्यांवर आणि कोपरांवर कवचे बांधतात, तोंड झाकणारे हेल्मेट चढवतात आणि ठराविक अंतराने एकामागून एक घड्याळाच्या स्वाधीन होतात. घटकाभरापूर्वीचा सोबती आता प्रतिस्पर्धी झालेला असतो. आणि उतरणीच्या पायथ्याशी तो पुन्हा सोबती होतो.

यावर एखादा चिकित्सक म्हणेल की, या चढणीवरच्या सौजन्याचे कौतुक कशाला? घड्याळ थांबलेले असताना दिलेली ट्यूब ही फुकटची उदारता आहे. ज्या चांगुलपणाला काही मोल पडत नाही, त्याला सद्गुण कसे म्हणावे? माणसाची पारख करावयाची तर ती घड्याळ चालू असताना करावी.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून तो म्हणतो त्याच जागी आपण जाऊन उभे राहू. समजा, चौथा दिवस आहे. आपला स्पर्धक अनोळखी उतरणीवरून भरधाव येत आहे, आजवर कधी आला नव्हता इतका सुरेख. एका वळणावर त्याला दरीच्या बाजूला उलटी पडलेली सायकल दिसते, आणि तिच्यापलीकडे एक माणूस. तो हलत आहे की नाही ते नीटसे दिसत नाही. आसपास पंच नाही, प्रेक्षक नाही. मागून आणखी एक जण थोड्याच वेळात येणार, हे त्याला ठाऊक आहे. ‘तो थांबेलच’ हा विचार मनात येण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वळण मागे पडते. पण त्या मागच्याच्याही मागे कोणीतरी आहेच. आणि प्रत्येकाने आपल्या मागच्यावर हवाला ठेवला, तर पडलेला माणूस शेवटच्या स्वाराची वाट पाहत राहील. येथे पणाला लागलेली गोष्ट सेकंदांची नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘एंड्युरो वर्ल्ड सीरीज’ या जागतिक मालिकेतील एका फेरीत, २०१५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट येथे, एका स्पर्धकाचा पडून मृत्यू झालेला आहे.

थांबणाऱ्याचा गेलेला वेळ त्याला परत द्यावा, हा यावरचा एक न्याय्य उपाय होय. दुसऱ्या एका खेळात त्याचे ठळक उदाहरण आहे. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘वांदे ग्लोब’ या शर्यतीत २०२०-२१ साली एक नौका दक्षिण अटलांटिकमध्ये मोडली. तिच्या नाविकाच्या शोधासाठी यानिक बेस्ताव्हेन याने आपला मार्ग सोडला, आणि पंचांनी त्याबद्दल त्याला दहा तास पंधरा मिनिटांची भरपाई दिली. तो किनाऱ्याला तिसरा लागला, परंतु भरपाई धरून पहिला ठरला. सर्वांच्या आधी पोचलेला शार्ली दालँ दुसरा झाला.

मग भरपाई मिळालेल्या कृत्याची नैतिक किंमत कमी होते काय? कांटने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुकानदाराचा दृष्टान्त दिला आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो फसवत नाही, पण ते पेढीचे नाव राहावे म्हणून. तेव्हा त्याचे वर्तन योग्य खरे, पण नैतिक मोलाचे नव्हे. बाह्य कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी पाहावी, हा विचार मराठी वाचकाला परका नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त तो कांटच्या मताशी ताडून पाहिला आहे. या कसोटीने पाहता उत्तर असे येते की, भरपाई मागाहून येते आणि निर्णय आधी होतो. वळणावर ब्रेक दाबणाऱ्या हाताने नियमांचे पुस्तक उघडलेले नसते. शिवाय भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. सत्कृत्याबद्दल दंड होऊ नये एवढाच तिचा अर्थ.

आणि काही गोष्टींची भरपाई होतही नाही. समजा, संयोजकांनी त्या स्पर्धकाला तीच उतरण पुन्हा उतरू दिली. पण जी वाट प्रथमच पाहावयाची होती ती आता पाहून झालेली असते. न पाहिलेपण कोणी परत देऊ शकत नाही. तो मघाचा ओघ गेला. शिवाय त्याने त्या माणसाचा मोडलेला पाय पाहिलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक वळणावर तो पाय त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ही वजाबाकी कोणत्याही निकालपत्रकात मांडता येत नाही.

आता चिकित्सकाकडे परत येऊ. पारख उतरणीवर होते हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण पारख होणे वेगळे आणि घडण होणे वेगळे. वळणावर विचार करण्यास अर्धा क्षणही नसतो. तेथे माणूस विचाराने वागत नाही, स्वभावाने वागतो. आणि स्वभाव हा सवयीने घडतो, हे ॲरिस्टॉटलपासून सर्वांनी सांगितले आहे. ही सवय कोठे लागते? तर त्या न मोजलेल्या चढणीवर. तेथील उदारता फुकटची आहे हेही पूर्ण खरे नाही. थकलेल्या माणसाने उन्हात थांबून दुसऱ्याचे पंक्चर काढणे म्हणजे पुढच्या उतरणीसाठी राखलेले बळ खर्च करणे होय. घड्याळ ते मोजत नाही, पण मांड्या मोजतात. तीन दिवस ज्याच्याबरोबर पाणी वाटून घेतले, ज्याचा खोकला शेजारच्या तंबूतून ऐकला, तो चौथ्या दिवशी सायकलीवर बांधलेला केवळ एक क्रमांक राहत नाही.

तरीही एक शंका माझ्या मनातून जात नाही. ओळखीच्या माणसासाठी थांबणे हा स्नेह झाला; धर्म त्याच्या पुढे आहे. पडलेला माणूस जर असा असेल की, ज्याच्याशी चढणीवर एक शब्दही बोलणे झाले नाही, किंबहुना ज्याचा आपल्याला तिटकाराच आला आहे, तर? चढणीची ही शाळा तेथवर पोचते की नाही हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मला वाटते, काहींच्या बाबतीत पोचते. ‘हा माझा मित्र आहे’ एवढेच जो शिकला तो मित्रासाठी थांबेल. ‘ज्याला मी हरवू पाहतो तोही तहानतो’ हे जो शिकला, त्याला पुढे मित्राची अट लागणार नाही.

निकालाचा कागद लागतो तेव्हा त्यावर उतरणीच्या वेळा असतात. चढणीची एकही ओळ नसते. ती असू नये हेच बरे. चढणीवरच्या चांगुलपणालाही गुण मिळू लागले, तर लोक गुणांसाठी ट्यूबा वाटू लागतील आणि कांटचा दुकानदार माथ्यावरही दुकान मांडील. आपल्याही दिवसांतील मोजलेले तास थोडे असतात. पगार, परीक्षा, पदोन्नती यांची घड्याळे तेवढ्यापुरती चालतात. उरलेल्या पुष्कळ तासांना आपण रिकामा वेळ म्हणतो. पुढल्या वळणावर कोण पडलेला असेल हे आपल्यालाही आधी पाहावयास मिळत नाही. आणि आपण थांबू की नाही, ते त्या रिकाम्या म्हटलेल्या तासांतच बव्हंशी ठरून गेलेले असते.