कशाभिका आणि कर्ता

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या उष्ण किनाऱ्यांच्या खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ गटातले जिवाणू सर्रास असतात. त्यांतल्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसच्या एका टोकाला कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचा शेपटीसारखा तंतू, असते. पेशीत शिरणाऱ्या सोडिअम आयनांच्या ओघावर तिच्या बुडाची मोटर फिरते. सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंतचा तिचा वेग मोजला गेला आहे. फ्लॅजेलिन प्रथिनाचे रेणू तिच्या पोकळीतून सरकत टोकाशी पोचतात आणि तंतू तिथे वाढत जातो. इतक्या नेटक्या रचनेला कर्ता असलाच पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. जग हे कार्य, म्हणजे उत्पन्न झालेली वस्तू, आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, असे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडले. १९९६ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी कशाभिकेचाच दाखला दिला: एक भाग काढला तरी ती निकामी होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडलेली नसावी.

हा युक्तिवाद पुराव्यापुढे टिकत नाही. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या कशाभिकेत बाहेरच्या दोन कड्या नसतात, तरी ती फिरते. प्रथिने बाहेर धाडणाऱ्या तिच्या यंत्रणेसारखीच यंत्रणा प्लेगच्या जिवाणूत यजमान पेशीला प्रथिने टोचण्याचे काम करते. ही टोचणी कशाभिकेपासूनच नंतर निघाली, असा आक्षेप येईल आणि तो बहुधा खराही आहे. तरी काही भाग गळाल्यावर उरलेले निरुपयोगी ठरतात, हे विधान तिच्यामुळे खोटे पडतेच. नुसत्या रचनेवरून कर्ता ठरवण्यातली चूक तर सातव्या शतकातच बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी दाखवली होती: मडक्यावरून कुंभाराचे अनुमान होते, पण वारूळही मातीचे आहे एवढ्यावरून ते कुंभाराने केले असे ठरत नाही.

प्रत्येक टप्पा अजून उलगडलेला नाही, हे खरे. पण न उलगडलेल्या जागी देव बसवला, तर दर नव्या शोधाबरोबर त्याला तिथून उठवावे लागेल, आणि तो श्रद्धेचाच अवमान आहे. आरे-वारेजवळच गणपतीपुळ्याला भाविक स्वयंभू गणपतीपुढे हात जोडतात. ती मूर्ती कुणा शिल्पकाराने घडवली नाही, यातच ते तिचे माहात्म्य मानतात. पावित्र्याला कारागिराचा दाखला लागत नाही, हे या श्रद्धेने केव्हाच मान्य केले आहे. म्हणून श्रद्धावंतांनी कशाभिकेला देवाची साक्षीदार करू नये. मोटर कशी घडली, हे प्रयोगशाळेला शोधू द्यावे. आपली श्रद्धा त्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये.