दादाचे दान आणि पापाचा वाटा

आळीच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या गुंडाचे दान त्याच्या पुण्यात जमा होते का, आणि ते घेणाऱ्यांकडे पापाचा वाटा येतो का, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न. मुंबईत तो भायखळ्याच्या दगडी चाळीत उभा राहिला.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि बहुतेक कायमचेच बसले. गिरणगावातली बेकार पोरे टोळ्यांच्या हाती लागली. भायखळ्याच्या टोळीतले बाबू रेशीम 1987 मध्ये आणि रामा नाईक 1988 मध्ये मारले गेल्यावर सूत्रे अरुण गवळीकडे आली. चाळीचा तो ‘डॅडी’ झाला. डोक्यावर पांढरी टोपी, नवरात्रात देवीचा थाटामाटाचा उत्सव आणि भांडणे जागच्या जागी मिटवणारा दरबार. कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्या माणसाला हा दरबार जवळचा वाटला, यात नवल नाही. 1997 मध्ये त्याने अखिल भारतीय सेना काढली आणि 2004 मध्ये चिंचपोकळीतून तो आमदार झाला.

गीतेच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले दान राजस ठरते. दादाच्या दानाची परतफेड ठरलेली असते: पोलीस आले की कोणी काही पाहिलेले नसते. घेणाऱ्याबाबत मनुस्मृती कडक आहे. चोराचे अन्न खाऊ नये, असे ती सांगते. मात्र त्याच यादीत गायक आणि सुतारही आहेत, त्यामुळे ती जशीच्या तशी मानणे अवघड. वाल्या कोळ्याच्या कथेत हा मुद्दा अधिक स्वच्छ आहे. लुटीवर पोसलेले घर पापाचा वाटा साफ नाकारते. एरवी कथा वाल्याच्या तपासाठी सांगितली जाते. त्या घराला जाब कोणी विचारत नाही.

मार्च 2007 मध्ये शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा घरात गोळ्या घालून खून झाला. त्या खुनाबद्दल 2012 मध्ये गवळीला जन्मठेप झाली.

पापमुक्तीचे मार्ग सांगताना मनूने पापाची जाहीर कबुली आधी घातली आहे, मग अनुताप, तप आणि अध्ययन. दान शेवटी येते, तेही बाकीचे जमत नसेल तेव्हा. दगडी चाळीत हा क्रम उलटा लागला. अनुतापाचे काम कवीला सोपे जाते: कन्नड कवी कुवेंपुंच्या ‘श्रीरामायणदर्शनम्’मध्ये रावणाचेही मन पालटते. अध्ययन गवळीने केले. 2018 मध्ये नागपूरच्या तुरुंगात गांधीविचारांच्या परीक्षेत तो पहिला आला. कबुलीपाशी मात्र शास्त्र आणि कायदा यांची फारकत होते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला तो शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित असताना, आणि असे अपील गुन्हा नाकारूनच लढवले जाते.