बाबेलच्या शाळेतील चौघे

मननासाठी : दानीएल, अध्याय १



यरुशलेमेहून नेलेल्या काही कुमारांना खास्द्यांची विद्या व भाषा तीन वर्षे शिकवावी, अशी बाबेलच्या राजाने आज्ञा केली. त्यांचे घर सुटले, नावेही बदलली. दानीएल बेल्टशस्सर झाला. तरी त्याने विद्या नाकारली नाही, आणि नव्या नावाविषयी त्याची तक्रार शास्त्रात नमूद नाही. राजाच्या अन्नाने मात्र आपण विटाळू नये, असा त्याने मनोमन निश्चय केला.

आपली हायस्कूलमधील मुलेही रोज अशाच एका बाबेलात जातात. इंदूर असो वा बंगळूर, घरची मराठी दारातच राहते. मित्र नवी नावे ठेवतात. बूट व केशरचना वर्ग ठरवतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईल हीच वही झाली. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातच राहिला. आता मधल्या सुट्टीतील थट्टा रात्रीही वर्गाच्या ग्रुपवर चालू राहते. कोणाचे तोतरे बोलणे, कोणाचा काळा वर्ण, कोणाचे घटक चाचणीतील गुण, सारे हसण्याचा विषय होतात. न हसणाऱ्यास भय वाटते की उद्या पाळी आपली.

आईबाप केसांवरून व बुटांवरून वाद घालतात, परंतु त्या ग्रुपवर काय चालते हे क्वचितच विचारतात. केशरचना ही केवळ बाबेलने दिलेले नाव आहे. शेजाऱ्याचा अपमान चवीने चाखणे हे मात्र राजाचे अन्न आहे. त्याने आत्मा विटाळतो.

दानीएलाने नकार दिला, पण उद्धटपणे नव्हे. त्याने विनंती केली. शाकान्न व पाणी देऊन दहा दिवस पारख करा, असे सुचवले. शिवाय तो एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल व अजऱ्या सोबत होते. चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने वर्गासमोर उभे राहावे, अशी अपेक्षा करणे कठोर आहे. त्याला असे तीन सोबती मिळवून देणे, हे मंडळीचे व संडेस्कूलचे कर्तव्य होय. चौघांनी थट्टेचा संदेश पुढे पाठवला नाही, आणि थट्टा झालेल्या मुलाशेजारी बसून डबा खाल्ला, तर वर्गाला दुसरी वाट दिसेल.

आज कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मुलांना गुण विचारण्याआधी एवढेच विचारा : आज वर्गात एकटे कोण बसले होते?

हे प्रभू, आमच्या लेकरांना निश्चय दे, सौम्य वाणी दे, आणि सोबती दे. आमेन.