मोजपट्टी घेऊन घरी जाणारा दुकानदार

परभणी जिल्ह्यात साठी ओलांडलेली शेतकरी बाई जमिनीवरून उठते कशी, ते एकदा नीट पाहावं. आधी हात भुईला, मग स्वतःच्याच गुडघ्याला, मग भिंतीला. सगळं आयुष्य खुरपणीत, कापूस वेचण्यात, चुलीपुढे उकिडवं बसण्यात गेलेलं असतं, त्यामुळे गुडघे धरायचेच. मुलगा पुण्याला नाहीतर वाळूजला कामावर. आईची काळजी त्याला मनापासून असते, म्हणून तो तिकडूनच व्हीलचेअर पाठवतो. पुष्कळ घरांत थोड्याच दिवसांत त्या खुर्चीवर गोधड्यांची चळत दिसू लागते.

यात आईचा हट्ट नसतो. खुर्चीची पुढची दोन चाकं लहान. दवाखान्याच्या फरशीवर ती भुरकन फिरतात, पण घराचा उंबरा आला की अडतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुततात. न्हाणीचं दार तर इतकं अरुंद की खुर्ची आत जातच नाही. ज्या कामासाठी तिला खरा आधार हवा, त्या अंघोळीच्या आणि परसाकडच्या वेळी खुर्ची बाहेरच राहते.

वृद्धांसाठीच्या साधनांचा आणि सेवेचा व्यवसाय करावा असं आता बऱ्याच तरुणांच्या मनात येतं, आणि मला ही फार चांगली गोष्ट वाटते. पुण्यात गणेश सोनवणे यांच्या आर्केट्रॉन मोबिलिटी या कंपनीने अंघोळ आणि शौच या दोन्हींसाठी चालणारी चाकांची खुर्ची बनवली. पुढे त्याच कंपनीने फ्रिडो हा ब्रँड बाजारात आणला. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘सेज’ ही योजना खास ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या नवउद्योगांकरता सुरू केली. म्हणजे वाट अगदीच अनोळखी राहिलेली नाही. सेलूच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या मुलाने उद्या हे दुकान काढलं, तर त्याने मनाशी एक गोष्ट पक्की करावी: पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारी दुसरी असली, तर आपण कुणाचं ऐकायचं?

मुलाला खुर्ची दणकट आणि दिसायला चांगली हवी असते. आईला कुणाला हाक न मारता रात्री उठता यायला हवं असतं. या दोन मागण्या एकच आहेत असं धरून चाललं की गोधड्यांची चळत ठरलेली. धंदा टिकवायचा तर मुलाशी बोलावं लागेल, पण बसून ऐकायचं ते आईचं.

जयपूर फूट जन्मला तो असंच ऐकण्यातून. परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय घातले की मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, शेतात अनवाणी चालता येईना; लोक ते पाय काढून ठेवत. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांनी आपल्या माणसांच्या बसण्याउठण्याला धरून पाय घडवला. परभणीलाही हा विचार नवा नाही. शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर इथल्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या संशोधन प्रकल्पात काम झालं आहे. राबणाऱ्या बाईच्या शरीराचा विचार ज्या गावात होतो, तिथे तिच्या थकलेल्या शरीराचाही व्हायला हवा.

आणि गरज नेहमी महागड्या वस्तूचीच असते असंही नाही. काठीचंच घ्या. माणूस सरळ उभा राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी, इतकी तिची उंची. काठी लांब असली तर खांदा उचलला जातो, आखूड असली तर कंबर वाकते. टोकाचं रबर झिजलं की तीच काठी ओल्या फरशीवर घसरते, आणि या वयात मोडलेला खुबा माणसाला अंथरुणाला खिळवतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. पैसे आले तरी काठी मापून देणारं माणूस पाथरीच्या किंवा पालमच्या एखाद्या खेड्यात त्यांनी कुठे शोधावं?

मला दिसणारा तरुण तो हाच आहे. मोटारसायकलला पिशवी, तिच्यात मोजपट्टी, पाने, काठ्यांची रबरं, न्हाणीत भिंतीला ठोकायचे दांडे. आधी घर पाहणार, दार मोजणार, आजींना दोनदा उठबस करायला लावणार आणि मगच वस्तू सुचवणार. कधी सांगेल, खुर्ची नको, बाज विटांवर चढवून चार बोटं उंच करा. त्या दिवशी त्याची विक्री होणार नाही. म्हणून त्याने घरी येण्याचे आणि पाहणीचे पैसे वेगळे, उघडपणे मागावेत. बाहेरगावचा मुलगा ते आनंदाने देईल. जिच्यामागे असा कमावता मुलगा नाही, तिच्याकडून किती घ्यायचे, हे मात्र त्याने पाटी लावण्याआधी ठरवून ठेवावं.