न कापलेली कुपने



पास्काच्या काळात घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही वाडीवाडीने फिरत होतो. एका घरी प्रार्थना आटोपली, पवित्र पाणी शिंपडून झाले आणि आम्ही निघणार तोच घरातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी थांबवले. "फादर, पाच मिनिटे बसा. चहा टाकलाय. तोवर तुम्हाला एक गंमत दाखवतो."

हे गृहस्थ तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते. त्यांनी कपाटातून एक जाडजूड अल्बम काढला. आम्हाला वाटले, बोटीवरचे फोटो असतील. पण पानापानांत प्लास्टिकच्या पाकिटांतून जुने कागद ठेवले होते. परदेशी बँकांच्या नोटांची प्रुफे, रेल्वे कंपन्यांचे कर्जरोखे, बुडालेल्या सरकारांच्या नोटा. बंदराला बोट लागली की बाकीचे खलाशी बाजारहाट करायचे आणि हे जुन्या कागदांच्या दुकानात शिरायचे.

चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी मात्र नाराज दिसली. ती नर्स आहे. एका पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा बाबांना. ह्या नोटेवर गुलाम माणसे राबताना दाखवली आहेत. असली वस्तू घरात शोभेला ठेवावी का?" वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही सांगाल तसे करतो, फादर. ठेवू, विकू की जाळू?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार आज तुमच्यापुढे मांडतो, कारण प्रश्न केवळ एका अल्बमचा नाही.

जुने रोखे आणि शेअर सर्टिफिकेटे जमवण्याच्या छंदाला स्क्रिपोफिली म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकातले आहे. नोटांची जुनी प्रुफे जमवणारे संग्राहकही जगभर आहेत. १८५८ साली अमेरिकेतील सात छापखाने एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी स्थापन झाली. तिच्या संग्रहातील प्रुफांचा १९९० मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि कैक वर्षे तिजोरीत पडून असलेले कागद संग्राहकांच्या हाती आले.

त्या गृहस्थांनी आधी आम्हाला दाखवले ते असेच एक प्रूफ. एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन बँकेच्या नोटेचे. पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागची बाजू कोरी. त्यावरचे कोरीव काम पाहून डोळे दिपले. ही कला फार कष्टाची. कारागीर पोलादी पत्र्यावर उलटे चित्र कोरतो. रेघ जितकी खोल, तितकी शाई अधिक आणि कागदावर ती रेघ तितकी उठावदार. आजही आपल्या शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवला की तो उठाव हाताला लागतो. जेकब पर्किन्स नावाच्या अमेरिकन माणसाने मऊ पोलादावर कोरून मग ते कठीण करण्याची, आणि रुळाच्या साहाय्याने एका कोरीव चित्राच्या अनेक हुबेहूब प्रती दुसऱ्या पत्र्यांवर उतरवण्याची पद्धत रूढ केली. जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट १८४० मध्ये इंग्लंडमध्ये निघाले, ते त्याच्याच कंपनीने छापले होते. नोटेवर माणसाचा चेहरा कोरण्यामागेही हिशोब होता. ओळखीच्या चेहऱ्यात केसभर फरक पडला तरी आपल्याला तो जाणवतो, म्हणून नकली नोट पकडणे सोपे जाते. थोडक्यात, ही सारी शोभा लोकांचा विश्वास बसावा म्हणून होती.

पण त्या प्रुफावर क्रमांक नव्हता, सही नव्हती. सहीच्या जागी गोल भोके पाडलेली होती, कोणी ती नोट म्हणून चालवू नये म्हणून. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलची चार कारणे पाठ केली होती. वस्तू कशापासून बनली, कोणत्या रूपात बनली, कोणी बनवली आणि कशासाठी बनवली. प्रुफात कागद आहे, रूप आहे, कारागिराचा हात आहे. चौथे कारण तेवढे नाही. त्याने कोणालाही काही देण्याचे कबूल केलेले नाही. म्हणून त्याने कोणाला फसवलेही नाही. नीतीचा प्रश्न सहीपासून सुरू होतो.

पुढचे पान उलटले आणि सही आली. झारच्या काळातील एका रशियन रेल्वेचा रोखा. रशियन आणि फ्रेंच भाषेतला मजकूर, आणि त्याला जोडून छोट्या छोट्या कुपनांचा तक्ता. त्या काळी रोखेधारक दर सहा महिन्यांनी कात्रीने एक कूपन कापायचा आणि ते देऊन व्याज घ्यायचा. फ्रान्समधील लाखो कुटुंबांनी आपली बचत असल्या रशियन रोख्यांत घातली होती. फेब्रुवारी १९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने झारच्या राजवटीची परदेशी कर्जे सरसकट रद्द केली. पुढे १९९७ मध्ये रशियाने फ्रान्सला ४० कोटी डॉलर देण्याचा करार केला. मूळ कर्जाच्या मानाने ती रक्कम अगदीच अल्प होती, आणि ज्यांनी रोखे विकत घेतले होते ते बहुतेक तोवर मातीआड झाले होते.

त्या रोख्याकडे पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. तक्त्यात जिथे कागद कापून नेलेला आहे, तिथे वचन पाळले गेले होते. जिथे कुपने शाबूत आहेत, तिथे ते मोडले. आज संग्राहकाला भरलेला तक्ता बघायला छान वाटतो. पण एकेक न कापलेले कूपन म्हणजे कोणाच्या तरी घरात न आलेले पैसे आहेत.

ॲरिस्टॉटलने पैशाविषयी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. ग्रीक भाषेत पैशाला 'नोमिस्मा' म्हणतात आणि तो शब्द 'नोमोस', म्हणजे नियम, यावरून आला आहे. पैसा निसर्गाने नव्हे तर माणसांच्या ठरावाने पैसा असतो, आणि तो बदलणे वा निरुपयोगी करणेही माणसांच्याच हाती असते. कोरीव काम कितीही सुंदर असो, ते वचनाला धरून ठेवत नाही. वचनाला धरून ठेवतात ती माणसे. ज्या १९१८ साली तिकडे शोभिवंत रोखे रद्दी झाले, त्याच साली इकडे आपल्या वसईत बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला गेला. सहकारात एकाच्या कर्जाला दुसरा जामीन राहतो, तो कागदाकडे पाहून नव्हे, तर शेजाऱ्याला ओळखतो म्हणून.

आता मुलीने बोट ठेवलेली नोट. ती १८६२ सालची, शंभर डॉलरची. अमेरिकेतील दक्षिणेच्या राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून जे सरकार केले, त्या सरकारची. मध्यभागी कापसाच्या शेतात खुरपणी करणारी गुलाम माणसे आणि डाव्या बाजूला कॅलहून, गुलामगिरीचे हिरिरीने समर्थन करणारा राजकारणी. युद्ध संपून तह झाला की सहा महिन्यांनी पैसे देऊ आणि तोवर दिवसाला दोन सेंट व्याज देऊ, असे तिच्यावर छापले आहे. तसा तह कधी झालाच नाही. दक्षिण हरली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने बंडासाठी काढलेली सर्व कर्जे बेकायदा आणि रद्द ठरवली. गुलाम मुक्त झाले म्हणून मालकांना भरपाई द्यायलाही त्याच कलमाने बंदी केली.

इथे विचार करणाऱ्याला अडचण येते. रशियाने कर्ज बुडवले ते आम्ही वाईट म्हटले. मग अमेरिकेने हे कर्ज बुडवले ते चांगले कसे? वचन ते वचनच ना? आम्हाला वाटते, उत्तर आपल्या शेतकऱ्यांना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. शेजाऱ्याची जमीन आपल्याला गहाण टाकता येत नाही. जे आपले नाही त्याच्यावर दिलेला शब्द मुळात शब्दच नसतो. माणूस तर कोणाच्याच मालकीचा नसतो. त्याच्या राबणाऱ्या पाठीवर काढलेले कर्ज फेडणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा विकणे.

ही नुसती कल्पना नव्हे. लुईझियानातील सिटिझन्स बँकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर फ्रेंचमध्ये दहाचा आकडा अक्षरी लिहिलेला असे. संग्राहकांना त्या नोटा आणि त्यांची प्रुफे हवीहवीशी वाटतात. ही बँक पुढे ज्या मोठ्या बँकेत विलीन झाली, त्या जेपी मॉर्गन चेसने २००५ साली जाहीर माफी मागितली. सिटिझन्स बँक आणि आणखी एक बँक मिळून १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम माणसे कर्जाला तारण म्हणून घेतली होती. कर्ज थकले तेव्हा त्यातली सुमारे १,२५० माणसे बँकांच्याच मालकीची झाली. मघाशी आम्ही म्हटले की प्रुफाने कोणाला फसवले नाही. ते खरे आहे, पण पुरे नाही. ज्या बँकेच्या नोटेचे ते प्रूफ, तिच्या तिजोरीत काय तारण होते हेही विचारले पाहिजे.

मग जाळावा का तो कागद? चहाचा कप रिकामा झाला होता आणि आमच्या मनात जवळजवळ 'हो' आले होते. तेवढ्यात त्या गृहस्थांनी अल्बमचे शेवटचे पान उघडले. तिथे पाचशेच्या दोन जुन्या नोटा होत्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला ज्या रद्द झाल्या, त्यांपैकी. "ह्या आईच्या," ते म्हणाले. त्यांची आई त्याच वर्षी पावसाळ्यात वारली होती. वर्षाच्या मिस्सानंतर तिचे कपाट उघडले, तेव्हा लुगड्याच्या घडीत त्या सापडल्या. माझ्या मयताचा खर्च कोणावर नको, असे ती म्हणायची. नोटा बदलून घेण्याची मुदत केव्हाच संपली होती. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणे गुन्हा ठरवला, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत सूट दिली. ह्यांच्याकडे तर दोनच होत्या. "कोणी लाख रुपये दिले तरी ह्या विकणार नाही, फादर."

आम्ही विचारले, "आणि त्या रशियन रोख्याचे?"

ते गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "तोही कोणाच्या तरी आईच्या कपाटातून आला असेल."

बंधुभगिनींनो, आम्हाला उत्तर तिथे मिळाले, आणि ते आमचे नाही, त्यांचे आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना इतकेच सांगितले की जाळू नका. जाळल्याने त्या शेतातल्या माणसांचे काही भले होत नाही, उलट त्यांच्यावरील अन्यायाचा एक साक्षीदार कमी होतो. पण नुसती शोभा म्हणूनही ठेवू नका. प्रत्येक कागदाशेजारी एक चिठ्ठी लावा. हे वचन कोणी दिले, कोणाच्या जिवावर दिले आणि ते मोडल्यावर कोणाचे नुकसान झाले, हे तिच्यावर लिहा. विकायची वेळ आली तर चिठ्ठीसकट विका. सुंदर वस्तू आवडणे हा दोष नव्हे. तिच्या पाठीमागचे माणूस दिसत असूनही न पाहणे हा दोष आहे. चिठ्ठ्या आता मुलगी लिहिते आहे, असे कळले. तिचे अक्षर वडिलांपेक्षा चांगले आहे.

राहिला आपला सर्वांचा प्रश्न. आपल्यापैकी फार थोड्यांकडे असे अल्बम असतील. पण शब्द आपण सगळेच देतो. शेतावर राबलेल्या बाईला 'शनिवारी देतो' म्हटलेली मजुरी, भावाला तोंडी कबूल केलेला जमिनीचा हिस्सा, मित्रासाठी जामीन राहून केलेली सही, आजारी आईला 'रविवारी येतो' म्हणून फोनवर दिलेला शब्द. ह्यांतले काही पाळले गेले, ती कुपने कापली गेली, त्यांचा मागमूसही उरला नाही. जी उरली आहेत ती आपल्याला ठाऊक आहेत. ह्या आठवड्यात त्यांतले एक तरी कापून द्यावे, एवढीच विनंती.

आपला,
धर्मगुरू